४ टक्के सरकारी खरेदी आदिवासी उद्योजकापर्यंत का पोहोचत नाही?

प्रश्न असा आला आहे: "मी नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यातला, कोकणा समाजाचा. आयटीआय करून सातपूरला ६ वर्षे फॅब्रिकेशनचं काम केलं. ३ वर्षांपासून गावाजवळ स्वतःची शेड आहे, हाताखाली ५ माणसं आहेत. लोखंडी खाटा, कपाटं, शाळेचे बाक बनवतो. उद्यम नोंदणी आहे, जातीचा दाखला आहे. सरकारी खरेदीत आमच्यासाठी ४ टक्के राखीव आहेत असं एका मेळाव्यात ऐकलं. २ वर्षांत ९ निविदा भरल्या, एकही लागली नाही. ताई, हे ४ टक्के आहेत तरी कुठे? आमचा वाटा वाढायचा तर काय करायला हवं?"

दादा, मी २३ वर्षे केंद्र सरकारच्या एका उपक्रमात खरेदी विभागात काढली. निवृत्त झाल्यापासून नाशिक, पालघर आणि नंदुरबारच्या आदिवासी कारखानदारांबरोबर बसून त्यांच्या निविदांची कागदपत्रं तयार करते. टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालं आहे, म्हणून दोन्हीकडचं सांगते. उत्तर लांबेल.

आधी त्या ४ टक्क्यांचं. नोकरीत किंवा मेडिकलच्या प्रवेशात जागा राखीव असते, तशी ही नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याखाली २३ मार्च २०१२ ला केंद्राने सार्वजनिक खरेदी धोरणाचा आदेश काढला. केंद्राची मंत्रालयं, खाती आणि सार्वजनिक उपक्रम यांनी वर्षाच्या एकूण खरेदीतला २० टक्के माल आणि सेवा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्याव्यात, त्या २० पैकी ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या मालकीच्या उद्योगांकडून. पहिली ३ वर्षे सवय लावायला दिली होती, १ एप्रिल २०१५ पासून ते बंधनकारक झालं. नोव्हेंबर २०१८ मध्ये २० चे २५ टक्के झाले, महिलांसाठी ३ टक्के नव्याने आले, आणि तुमचे ४ तसेच राहिले.

हा आकडा वर्षाच्या एकूण खरेदीवर मोजतात. एखाद्या निविदेत तुमच्यासाठी जागा राखून ठेवलेली असते असं नाही. शिवाय त्याच आदेशात एक वाक्य आहे: अनुसूचित जाती-जमातींचे उद्योग निविदेत उतरले नाहीत, किंवा अटी आणि सर्वात कमी दर पूर्ण करू शकले नाहीत, तर हे ४ टक्के इतर सूक्ष्म-लघु उद्योगांकडून भरून काढावेत. खरेदी अधिकाऱ्याच्या नजरेतून हे वाक्य वाचून पाहा. फाइलवर "पात्र पुरवठादार मिळाला नाही" अशी एक ओळ लिहिली की विषय संपतो. शोधलं का, कुठे शोधलं, किती जणांना विचारलं, याचा हिशोब कोणी मागत नाही. म्हणूनच प्रत्यक्ष खरेदी ४ टक्क्यांच्या जवळपासही जात नाही, आणि बरीच वर्षे ती १ टक्क्याच्याही आत होती. तीही जाती आणि जमाती दोन्ही धरून. नियमात दोघांसाठी मिळून एकच आकडा आहे, त्यामुळे आदिवासींचा त्यात वाटा किती हे वरून दिसतच नाही. दलित उद्योजकांच्या मागे पुण्यात २००५ साली मिलिंद कांबळे यांनी उभी केलेली 'डिक्की' ही उद्योजकांची संघटना होती. हे ४ टक्के धोरणात आले त्यामागेही त्या संघटनेचा रेटा होता. आदिवासी कारखानदारांच्या मागे इतकी जाणती संघटना उभी राहिली नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात १ कोटी ५ लाख आदिवासी आहेत, राज्याच्या ९ टक्क्यांहून जास्त. एवढ्या लोकांतून सरकारला माल पुरवणारे किती, हे आज कोणी चटकन सांगू शकणार नाही. मला ही गोष्ट फार लागते.

आता अधिकारी तुमच्याकडून का घेत नाही, हे माझ्याच टेबलावरून सांगते. २०१२ चा आदेश आला तेव्हा मी त्या बाजूला होते. आमच्या कार्यालयात परिपत्रक फिरलं, सगळ्यांनी सह्या केल्या, आणि खरेदी जुन्याच पुरवठादारांकडून चालू राहिली. त्यात जातीचा द्वेष किती होता आणि किती नव्हता, हे माणसागणिक वेगळं. पण सगळ्यांत सारखी होती ती भीती. नव्या माणसाला ऑर्डर दिली आणि माल वेळेवर आला नाही, तर चौकशी माझी होणार. तपासणीत खाट वाकली तर शेरा माझ्या फाइलवर येणार. जुन्या पुरवठादाराचा माल खराब निघाला तर मात्र म्हणता येतं, "१५ वर्षांचा पुरवठादार आहे, यंदाच असं झालं." आणि ४ टक्के गाठले नाहीत म्हणून माझी पदोन्नती अडली, असं माझ्या २३ वर्षांत एकदाही झालं नाही. नव्याकडून घेण्यात धोका होता, न घेण्यात काहीच नव्हता. सारं कोडं इथेच आहे. तुम्ही करायचं ते आणि सरकारने करायचं ते, दोन्ही मी याच नजरेने सांगणार आहे: तुमच्याकडून घेण्यातला धोका तुम्ही कमी करायचा, आणि न शोधण्यातला धोका सरकारने वाढवायचा.

तुमच्या ९ निविदांची यादी मी मागवून घेतली. त्यातल्या ४ राज्य सरकारच्या कार्यालयांच्या आणि जिल्हा परिषदेच्या होत्या. केंद्राचा हा आदेश त्यांना लागू नाही. राज्याचं खरेदी धोरण वेगळं, उद्योग विभागाच्या १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाचं आणि त्यानंतरच्या बदलांचं. निविदाही महाटेंडर्स या राज्याच्या संकेतस्थळावर निघते. तिथे केंद्राच्या आदेशाचा हवाला देऊन सवलत मागितलीत तर पाकीट उघडतानाच बाजूला पडणार. दोन निविदा खोल्या दुरुस्तीसकट फर्निचर बसवण्याच्या होत्या, म्हणजे बांधकामाचा ठेका. केंद्राचं धोरण फक्त तयार माल आणि सेवांना लागू आहे; ठेक्याची कामं त्यात येत नाहीत. एका निविदेत तुम्ही बाहेरून आणलेल्या प्लास्टिक खुर्च्या देऊ केल्या होत्या. तिथे तुम्ही व्यापारी ठरता, आणि व्यापाऱ्याला ही सवलत नाही. म्हणजे ९ पैकी ७ निविदांत ते ४ टक्के मुळात नव्हतेच. चूक तुमची नाही. मेळाव्यात टक्केवारी सांगतात, ही मेख सांगत नाहीत.

उरलेल्या २ जेमवरच्या, म्हणजे केंद्राच्या ऑनलाइन खरेदी पोर्टलवरच्या होत्या. तिथलं बीड, म्हणजे निविदा, उघडलं की पहिल्या पानांवरच तीन ओळी शोधायच्या: सूक्ष्म-लघु उद्योगांना अनुभवाच्या वर्षांतून आणि उलाढालीतून सूट आहे की नाही, खरेदीत प्राधान्य आहे की नाही, आणि बयाणा रक्कम किती. सूट "हो" की "नाही" हे खरेदीदार स्वतः निवडतो. तुमच्या पहिल्या बीडमध्ये अनुभव आणि उलाढालीची सूट "नाही" होती, आणि ३ वर्षांची सरासरी उलाढाल ४० लाख मागितली होती. तिथे तुम्ही कागद जोडण्यात दोन रात्री घालवल्या, त्या वाया गेल्या. अशा वेळी बीडची मुदत संपायच्या आत खरेदीदाराला त्याच पोर्टलवरून लेखी प्रश्न टाकायचा: ही वस्तू गुंतागुंतीची नाही, गुणवत्ता आणि तांत्रिक अटी पूर्ण होत असतील तर सूट द्यायला धोरण सांगतं, मग ती का दिली नाही? दहातल्या दोन-तीन ठिकाणी सुधारणा निघते. बाकी ठिकाणी निदान तुमचं नाव आणि तुमचा प्रश्न नोंदीत राहतो, आणि पुढची निविदा काढताना ते टेबल जरा विचार करतं. मीही केला आहे, असे प्रश्न आल्यावर.

दुसऱ्या बीडमध्ये सगळं बरोबर होतं. तुम्ही दरातही जवळ होतात, आणि तरी हातचं गेलं, कारण तुम्ही फोन उचलला नाहीत आणि पोर्टलवरच्या विचारणेला मुदतीत उत्तर दिलं नाहीत. हे मी रागावून सांगत नाही. पेठच्या घाटात रेंज नसते हे मला ठाऊक आहे. पण ही संधी कशी होती ते आकड्यांत पाहा. समजा ४०० खाटांची निविदा आहे (लोखंडी खाटा खरं तर राखीव वस्तूंत येतात, ते पुढे सांगते; इथे फक्त हिशोब समजायला धरू). सर्वात कमी दर, म्हणजे एल-वन, एका मोठ्या कारखान्याचा ५,००० रुपये आला. तुमचा ५,६००. तुम्ही एल-वनच्या १५ टक्क्यांच्या आत आहात, म्हणजे ५,७५० पर्यंत. माल विभागून घेता येणार असेल, तर २५ टक्क्यांपर्यंत म्हणजे १०० खाटा तुम्हाला विचारल्या जातात: ५,००० ला देता का? लक्षात ठेवा, ५,६०० मिळत नाहीत. प्राधान्य म्हणजे एल-वनचा दर मान्य करून काम घेण्याची पहिली संधी, जास्तीचे पैसे नव्हेत. त्या विचारणेचं उत्तर थोड्या दिवसांत द्यायचं असतं. त्या १५ टक्क्यांच्या पट्ट्यात दुसरे सूक्ष्म-लघु उद्योग असतील तर हा हिस्साही वाटला जातो.

म्हणून दर भरायच्या आधी घरी एक कागद करा: माझा खरा तळ किती? पत्रा, पाइप, वेल्डिंगच्या कांड्या, पावडर कोटिंग, मजुरी, वीज, घाट उतरून पोहोचवायचं भाडं, आणि पैसे अडकून राहण्याचं व्याज. हे शेवटचं कोणी धरत नाही आणि तिथेच लहान माणूस बुडतो. १०० खाटांचे ५ लाख. त्यात लोखंड सव्वातीन लाखांचं, रोखीने. बनवायला एक महिना, तपासणी आणि पावतीला काही आठवडे, मग बिल. तीन महिने पैसे बाहेर. दुकानदाराची उधारी किंवा गावातला सावकार महिन्याला २ टक्के घेत असेल तर साडेएकोणीस हजार व्याजात गेले. तुमचा नफा ६ टक्के धरला तर ३० हजार. म्हणजे दोन तृतीयांश नफा तुम्ही बँकेच्या ऐवजी सावकाराला दिला. आदिवासी उद्योजकाची अडचण कौशल्याची आहे असं जो म्हणतो, त्याला मी हा कागद दाखवते. तुमच्या खाटेचं वेल्डिंग मी पाहिलं आहे, ते नाशिकच्या कोणत्याही शेडच्या तोडीचं आहे. कमी पडतं ते खेळतं भांडवल. आपल्या जमिनी भोगवटादार वर्ग दोनच्या किंवा वनहक्काच्या असतात, बिगरआदिवासीला सहजी विकता येत नाहीत, म्हणून बँक तारण म्हणून त्यांच्याकडे नाक मुरडते. जमीन आदिवासीच्या हातून जाऊ नये म्हणून केलेला तो कायदा योग्यच आहे. मात्र त्याची भरपाई कर्जाच्या बाजूने व्हायला हवी होती, ती पुरेशी झाली नाही.

त्यावर आज जे हाताशी आहे ते वापरा. पंतप्रधानांनी १८ ऑक्टोबर २०१६ ला लुधियानात सुरू केलेलं राष्ट्रीय अनुसूचित जाती-जमाती हब एनएसआयसी, म्हणजे राष्ट्रीय लघु उद्योग निगम, चालवते. यंत्रावर २५ टक्के अनुदान, म्हणजे १ कोटीपर्यंतच्या यंत्रसामग्रीवर जास्तीत जास्त २५ लाख, ही योजना तिथलीच. एनएसआयसीची एक-खिडकी नोंदणी हबमार्फत नाममात्र शुल्कात होते, आणि बँक गॅरंटी व चाचणीच्या खर्चाचा काही भाग परत मिळतो. बयाणा रकमेतून तुम्हाला सूट आहे, निविदेचा संच फुकट आहे. मात्र काम मिळाल्यावरची सुरक्षा ठेव चुकत नाही; ती साधारण ३ ते ५ टक्के धरा आणि पैसे आधीपासून बाजूला ठेवा. माझ्या ओळखीच्या तिघांची पहिली ऑर्डर याच ठेवीपायी रखडली.

बिलाचं. कायद्याने ४५ दिवसांच्या आत पैसे मिळायला हवेत, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ व्याज. उद्यम नोंदणी माल पुरवण्याच्या आधीची असली पाहिजे, तुमची आहे. केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार करता येते, मग प्रकरण राज्याच्या सुलभीकरण परिषदेकडे जातं. पण खरं सांगते, लहान पुरवठादार तक्रार करत नाही, कारण पुढची ऑर्डर त्याच टेबलावरून येणार असते. म्हणून तक्रारीच्या आधीची वाट जास्त कामाची: टीआरईडीएस, म्हणजे बिलावर बँकेकडून आधीच पैसे मिळवायची ऑनलाइन व्यवस्था. मोठ्या उपक्रमाने तुमचं बिल तिथे मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात, तुम्हाला काही दिवसांत पैसे मिळतात, आणि उपक्रमाने पुढे पैसे चुकवले तर बँक तुमच्या दारात येत नाही. केंद्राच्या उपक्रमांना त्यावर नोंदणी बंधनकारक आहे. पहिली ऑर्डर घेतानाच विचारा, "बिल टीआरईडीएसवर मान्य कराल ना?" बिल अडतं ते बहुतेक वेळा कागदावरून. माझ्या टेबलावर एका लहान माणसाचं बिल ७ महिने पडलं होतं, कारण मालाच्या पावतीवर भांडारपालाची सही होती पण तारीख नव्हती. त्याला कोणी कळवलं नाही, मीही नाही. ते मला आजही बोचतं. माल उतरवताना सही, शिक्का, तारीख आणि नगसंख्या पाहूनच गाडी परत फिरवा.

आता कुठे जायचं ते. तुम्ही मुंबई-दिल्लीच्या बीडांमागे धावलात, आणि तुमच्या दारातले खरेदीदार राहून गेले. पेठहून नाशिक तासा-दीड तासाच्या वाटेवर आहे. ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्स आहे, नाशिकरोडला नोटांचा आणि सिक्युरिटीचा छापखाना आहे, पुढे भुसावळला रेल्वे आणि आयुध निर्माणी. पालघरच्या मुलांना मी तारापूरचं अणुऊर्जा केंद्र सांगते, चंद्रपूर-गडचिरोलीच्यांना भद्रावतीची आयुध निर्माणी आणि वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या, कोळसा खाणी. या सगळ्यांवर केंद्राचं धोरण लागू आहे. धोरणाप्रमाणे त्यांनी सूक्ष्म-लघु उद्योगांकडून वर्षभरात काय घेणार याची योजना संकेतस्थळावर टाकायची असते आणि पुरवठादार मेळावे घ्यायचे असतात. ती योजना उघडा. खाटा, कपाटं, मांडण्या, बाक कुठे दिसतात ते पाहा. तुमची बाजू इथे भक्कम आहे: ज्या ३५८ वस्तू फक्त सूक्ष्म-लघु उद्योगांकडूनच घ्यायच्या आहेत, त्यांत पोलादी कपाटं, खाटा, खुर्च्या, मेजं, मांडण्या येतात. म्हणजे अवाढव्य कंपन्या बाहेर.

आणि तरीही लढत बरोबरीची नाही. १ एप्रिल २०२५ पासून "लघु उद्योग" म्हणजे यंत्रसामग्रीत २५ कोटींपर्यंत गुंतवणूक आणि १०० कोटींपर्यंत उलाढाल. तुमची ५ माणसांची शेड आणि १०० कोटींचा कारखाना एकाच रांगेत उभे. म्हणून मोठ्या नगसंख्येच्या निविदांवर सुरुवातीला वेळ घालवू नका. २० कपाटं, १५ बाक, विश्रामगृहाच्या ८ खाटा, अशा छोट्या खरेदीत शिरा. जेमवर स्वतःच्या वस्तूंचे नीट फोटो, पत्र्याची जाडी मिलिमीटरमध्ये, कोटिंगचा प्रकार आणि पोहोचवण्याचा पत्ता-परिघ भरा. तुमची सामाजिक वर्गवारी उद्यममधून तिथे उतरते, ती बरोबर आली आहे का ते तपासा; तुमच्या नोंदणीत ती "सर्वसाधारण" पडली होती, हे तुम्हाला माहीत नव्हतं. जातीचा दाखला, उद्यम, जीएसटी, सीएचं उलाढालीचं प्रमाणपत्र, पोलादाच्या कारखान्याचं चाचणी प्रमाणपत्र, हे एका फोल्डरमध्ये ठेवा. खरेदी अधिकारी नव्या माणसाला पहिला प्रश्न विचारतो तो पोलादाच्या प्रमाणपत्राचा. ज्याने तो कागद विचारायच्या आत समोर ठेवला, त्याच्याबद्दलची माझी भीती तिथेच अर्धी व्हायची.

छोट्या ऑर्डरी ४-५ झाल्या की त्यांची समाधानपत्रं घ्या. मग तुमच्यासारख्या दोन शेडा मिळून एक भागीदारी करा, एकाचं कोटिंग, एकाचं प्रेस. भागीदारीत किंवा खासगी कंपनीत अनुसूचित जमातीच्या मालकांचा हिस्सा किमान ५१ टक्के हवा, एवढंच पाहा. सेवांकडेही दुर्लक्ष नको: कार्यालयाला महिना भाड्याने गाडी, साफसफाई, कॅन्टीन हेही धोरणात मोजलं जातं आणि भांडवल कमी लागतं. तुमच्या तालुक्यातल्या मुलांना हे सांगा.

इथे एका गोष्टीवर मी मुद्दाम थांबते. तुमचं नाव दोन-तीन ठिकाणी झालं की शहरातला एखादा धनिक ठेकेदार येईल. गोड बोलेल. "५१ टक्के तुमचे कागदावर, पैसा माझा, काम माझं, तुम्हाला महिन्याला १० हजार, फक्त सह्या करायच्या." नंदुरबारच्या एका भिल्ल तरुणाने अशा सह्या केल्या. काम अर्धवट राहिलं, बँक गॅरंटी जप्त झाली, फर्म काळ्या यादीत गेली, कर्जाची नोटीस त्याच्या आईच्या घरावर चिकटली. ठेकेदाराचं नाव एकाही कागदावर नव्हतं. त्या पोराला घेऊन मी बँकेत तीनदा गेले आहे. कृपा करून अशी सही करू नका. पुढच्या प्रत्येक खऱ्या आदिवासी उद्योजकाकडे अधिकारी संशयाने पाहतो तो अशा नावापुरत्या मालकांमुळेच. हे आपल्याकडेच होतं असंही नाही. ऑस्ट्रेलियात आदिवासींच्या नावाने गोऱ्यांनी चालवलेल्या कंपन्यांना 'ब्लॅक क्लॅडिंग' असं नावच पडलं आहे. तिथे आता १ जुलै २०२६ पासून मालकीची अट निम्म्यावरून ५१ टक्क्यांवर नेण्याचा निर्णय झाला आहे. मला वाटतं नुसती टक्केवारी पुरणार नाही, चेकवर सही कोणाची आणि दर कोण ठरवतं हे पाहायला हवं.

ऑस्ट्रेलियाचं नाव निघालंच आहे, तर तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथूनच देते. २०१२-१३ मध्ये तिथल्या केंद्र सरकारने आदिवासी उद्योगांना दिलेली कंत्राटं फक्त ६२ लाख डॉलरची होती. १ जुलै २०१५ ला नवं खरेदी धोरण आलं, आणि पहिल्याच वर्षात आकडा २८ कोटी डॉलरच्या पुढे गेला. त्या लोकांची लायकी एका वर्षात वाढली नव्हती, त्यांना विचारण्याची सक्ती झाली होती. तेव्हाच्या नियमाप्रमाणे ८० हजार ते २ लाख डॉलरच्या कंत्राटांत, आणि दुर्गम भागातल्या सगळ्याच कंत्राटांत, बाजारात जायच्या आधी अधिकाऱ्याने आदिवासी उद्योगांची 'सप्लाय नेशन'कडची यादी पाहायची, योग्य दरात काम करणारा आहे का ते तपासायचं. असेल तर त्यालाच काम द्यायचं. धोका कुठे सरकला पाहा. आता न शोधणाऱ्यानेच उत्तर द्यायचं. कॅनडातही १९९६ पासून अशी योजना आहे, आणि २०२१ मध्ये त्यांनी किमान ५ टक्के कंत्राटं देणं सगळ्या खात्यांना बंधनकारक करायचं ठरवलं.

आपल्याकडे यातलं काय आणावं? माझं ठाम मत तीन गोष्टींचं आहे. अनुसूचित जमातीचा आकडा जातींपासून वेगळा मोजा आणि खातेनिहाय जाहीर करा, म्हणजे शून्य असेल तर शून्य दिसेल. एका ठरावीक रकमेखालच्या खरेदीत, निदान राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या, म्हणजे आदिवासीबहुल, क्षेत्रातल्या कार्यालयांनी, आधी स्थानिक आदिवासी उद्योगांची यादी पाहून तशी नोंद फाइलवर ठेवावी. आणि "पात्र पुरवठादार मिळाला नाही" असं लिहायचं असेल तर किती जणांना कळवलं ते सोबत जोडावं. याला एक रुपयाही जास्तीचा लागत नाही. राज्याने तर हे आधी करायला हवं. आश्रमशाळा, वसतिगृहं, आरोग्य केंद्रं, सगळी आदिवासी तालुक्यांतच आहेत, आणि त्यांतल्या खाटा शहरांतून येतात. तुमच्या शेडपासून ४ किलोमीटरवर आश्रमशाळा आहे असं तुम्ही लिहिलंत. तिथल्या खाटा कुठून आल्या हे मी तुम्हाला विचारणार नाही.

कोणी म्हणेल, या लोकांना निविदेचा व्यवहार झेपणार नाही. त्यांनी गडचिरोलीत जावं. मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये १,८०० हेक्टरहून जास्त जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी गाव दोन वर्षे भांडलं, आणि २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या हस्ते परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात आलं. त्यानंतर जिल्ह्यातल्या कितीतरी ग्रामसभांनी बांबू आणि तेंदूपानाच्या निविदा स्वतः काढल्या, व्यापाऱ्यांकडून दर मागवले, हिशोब गावासमोर वाचले. तिथे आदिवासी निविदा काढतो आणि शहरातला व्यापारी भरतो.

तुमच्यासाठी पुढचे १५ दिवस असे. उद्यममधली सामाजिक वर्गवारी दुरुस्त करा, त्याची प्रिंट मला पाठवा. जेमवर ३ वस्तू टाका: दोन दारांचं कपाट, एकेरी खाट, दोन आसनी बाक. ज्या दुकानातून पत्रा घेता त्याच्याकडून गेल्या दोन खरेद्यांची चाचणी प्रमाणपत्रं मागा; तो टाळाटाळ करेल, सातपूरला दुसरा दुकानदार आहे. नाशिकच्या खरेदीदारांच्या यंदाच्या खरेदी योजना मी काढून ठेवते. पुढच्या मंगळवारी सकाळी ११ वाजता नाशिकला या, येताना तुमच्या खाटेचा एक कोपरा कापून आणा, वेल्डिंग आणि कोटिंग दोन्ही दिसेल असा. दोन खरेदी कार्यालयांत आपण मिळून जाऊ. बोलायचं तुम्ही, मी बाजूला बसेन.